सासूबाई उतरत नाहीत

माझे यजमान लाकडाचा भुसा वाहायचे. त्यांच्या ट्रकची जमीनच चालायची, भुसा उतरवायला फावडं लागायचं नाही. तळाला पंज्याएवढ्या रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या. सगळ्या एकदम दाराकडे सरकल्या की भुसा त्यांच्याबरोबर यायचा. मग त्या पाळीपाळीनं मागे जायच्या, एका वेळी तिसरा हिस्सा. उरलेल्या पट्ट्या भुशाला धरून ठेवायच्या, म्हणून तो मागे जात नसे. हे जेवताना इतक्यांदा सांगून झालं होतं की सासूबाईंना तोंडपाठ होतं. "जेव आधी," म्हणायच्या.

घर बदललं तेव्हा सामान त्याच ट्रकमधून आणलं. सासूबाई सामानात खुर्ची टाकून बसून आल्या. यजमानांनी ट्रक नव्या घराच्या ओट्याला लावला, तर म्हणाल्या, "मी उतरणार नाही."

"का गं आई?"

"घर ठरवताना मला विचारलंत? कपाटाला विचारलं नाहीत, तसं मलाही नाही."

यजमान पेटले. "ही जमीन वीस टन उतरवते. तू कोण?" म्हणत त्यांनी यंत्र सुरू केलं.

कपाट आलं, पलंग आला, डबे एकमेकांना ढोसत ओट्यावर आले. खुर्चीही आली, पण रिकामी. सासूबाई आत एकाच पट्टीवर उभ्या होत्या, पावलापुढे पाऊल, काठीही त्याच पट्टीवर. सगळ्यांबरोबर वीतभर पुढे यायच्या, त्यांच्या पट्टीची पाळी आली की वीतभर मागे.

"आई, पाय आडवे ठेव ना."

"मी काय भुसा आहे?" त्या मागे जाता जाता म्हणाल्या.

नवी शेजारीण बघत होती. "तुमच्याकडे रोज असतं का हे?"

शेवटी मी ट्रकमध्ये चढले. "आई, राहाल ना आमच्याजवळ?"

"आता विचारतेस?"

"आता विचारते."

त्या दोनदा पुढेमागे झाल्या. "खुर्ची कुठे ठेवणार माझी?"

"तुम्ही म्हणाल तिथे."

त्यांनी माझा हात धरला आणि पावलं आडवी केली. वीत वीत करत आम्ही दाराकडे निघालो. यजमान यंत्र बंद करायला धावले.

"असू दे चालू," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

ओट्यावर पाय टेकताच त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. "ही वाटेत कोणी ठेवली? उचला आधी."