क्युम्युशची डीव्हीडी

क्युम्युशला तिचे आईबाप घेऊन गेले त्या ऑगस्टपासून जुमाकादिरच्या घरात चहा उरायला लागला. सहा वर्षं हाताला दोघांच्या मापाची सवय. तो सकाळी किटली भरायचा, स्वतःपुरता प्यायचा आणि उरलेला गार चहा जर्दाळूच्या बुंध्याशी ओतून यायचा.

आक-बुलाक या किर्गिझ गावच्या सरकारी शेतीमळ्यावर तो पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. मळा बंद पडला, पुढे बायको शारिपा गेली. मुलगा मिरलान आणि सून एल्नुरा कामाच्या शोधात रशियात, येकातेरिनबुर्गला निघाले, तेव्हा वर्षाची क्युम्युश त्याच्या पदरात टाकून गेले. फोनवर मुलाचं ऐकून नातही त्याला 'आताके' म्हणायला शिकली, म्हणजे बाबा. मिरलानने पहिल्याच वर्षी तिकडून एक कॅमेरा पाठवला. "तिचं सगळं टिपून ठेवा आताके, आलो की बघू."

त्याने सगळं टिपलं. पहिलं पाऊल, पहिला दात, मेंढीच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजणं, पडणं, रडणं. कॅमेऱ्याच्या इवल्याशा कॅसेटी साठत साठत एक्केचाळीस झाल्या. पण मुलगा-सून आले ते घाईतच. एक सप्टेंबरला शाळा सुरू होणार होती. जुमाकादिरने कॅसेटींचं खोकं पुढे केलं तसा मिरलान डोकं खाजवत म्हणाला, "तिकडे ह्या लावू कशावर? डीव्हीडी असती तर गोष्ट वेगळी. घरी प्लेअर आहे."

"मग डीव्हीडी करतो," जुमाकादिर म्हणाला.

मिरलानने आपला जुना संगणक मागे ठेवला होता. वायर जोडून कॅसेटी त्यात उतरवायला जुमाकादिरने आठवडाभरात शिकून घेतलं. तासाची कॅसेट उतरायला पुरता तास लागायचा, तिथे घाई चालत नव्हती. तो रोज दुपारी खुर्ची ओढून बसायचा आणि पडद्यावर पोर मोठी होत जायची. ऑक्टोबर संपता संपता ती पुन्हा सात वर्षांची झाली आणि पुन्हा गेली.

आता यातले निवडक दोन तास काढून त्यांची नीट डीव्हीडी बनवायची तर त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर हवं होतं. ते मिळायचं काराकोल शहराच्या बाजारात, ल्योन्याकडे. ल्योन्या हा पन्नाशीचा जाडगेला रशियन. लोखंडी टपरीत, गुडघ्यावर घोंगडी घेऊन, डिस्कच्या ढिगाऱ्यामागे बसायचा.

"या अक्साकाल!" म्हाताऱ्या माणसाला मानाने म्हणतात तसं तो म्हणाला. "लग्नाची डीव्हीडी करायची का?"

"नाही. नातीची."

"मग हे घ्या. डिस्क लावली की आधी जो मेनू येतो, तो असला झकास बनतो की लोक चित्रपट बघायचा विसरतील."

मेनू खरंच झकास बनला. पण डिस्क तयार झाल्यावर बघतो तर क्युम्युशच्या कपाळावर आडवी पट्टी: 'चाचणी आवृत्ती'. सहा वर्षं, प्रत्येक चित्रात, कपाळावर तेच. पुढच्या रविवारी तो डिस्क घेऊन परत बाजारात.

"अरेच्चा, पट्टी घालवायच्या किल्लीचा आकडा द्यायचा राहिला वाटतं," ल्योन्या म्हणाला. आकडा काही सापडला नाही. त्याने दुसरं सॉफ्टवेअर दिलं.

दुसऱ्यात पट्टी नव्हती, पण मेनू आधीच ठरलेले होते. लग्न, वाढदिवस, समुद्रकिनारा, नाताळ. यांपैकी एक निवडा, नाहीतर पुढे जाताच येत नव्हतं. जुमाकादिरने बराच विचार करून समुद्रकिनारा निवडला, कारण त्यांच्याकडे निदान इस्सिक-कुल सरोवर तरी होतं. नारळाच्या झाडाखाली त्याने नातीचं नाव टाइप केलं. पडद्यावर क, म आणि श तेवढे उमटले. मधल्या दोन्ही 'यु'च्या जागी रिकामे चौकोन आले. किर्गिझ भाषेची ती अक्षरं या सॉफ्टवेअरला ठाऊकच नव्हती.

"मग साधा उ टाका की!" ल्योन्या म्हणाला. "कुमुश. सगळे असंच करतात."

"कुमुश म्हणजे काहीच नाही. क्युम्युश म्हणजे चांदी."

"अहो, सात वर्षांची पोर, तिला काय कळतंय?"

"तिला तिचं नाव लिहायला मी शिकवलंय," जुमाकादिर म्हणाला. "पहिली गोष्ट तीच शिकवली."

ल्योन्या घोंगडी बाजूला सारून उठला, आत वाकला आणि तळातून एक साधी डिस्क काढून पुसली. "हे कोणी नेत नाही. नक्षी नाही, फुलं नाहीत, सगळं हातानं करावं लागतं. पण कुठलीही अक्षरं घेतं. घेऊन जा. नाही चाललं तर मला शिव्या घालायला या. एवीतेवी हिवाळ्यात इकडे कुत्रंही फिरकत नाही."

ते चाललं. दोन्ही अक्षरं ठिपक्याएवढीही चूक न होता उमटली. मेनूच्या मागे स्वतःची चित्रफीत लावायची सोयही त्यात होती. तीस सेकंदांची, जी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. जुमाकादिरने फारसा विचार न करता अंगणातला एक तुकडा घेतला. क्युम्युश चहाचं पाणी उकळायच्या समोवारमध्ये काटक्या घालते आहे, मागे शेजारच्या बात्माची गाय हंबरते आहे, आणि कॅमेऱ्यामागून त्याचा स्वतःचा आवाज: "हळू गं, हात भाजेल. ये इकडे, माझ्याजवळ ये."

त्या हिवाळ्यात वीज पाळीपाळीने जायची. डिस्क भरता भरता वीज गेली की ती डिस्क वाया. सात वाया गेल्या, आठवी साधली. ती त्याने लोकरी मोज्यात गुंडाळली आणि वाळवलेल्या जर्दाळूंबरोबर राजधानी बिश्केककडे जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती दिली. तिथून पुढची गाडी.

महिनाभर काही कळलं नाही. फोनवर क्युम्युश यायची, पण थोडकीच. तो किर्गिझमध्ये विचारायचा, ती रशियनमध्ये उत्तर द्यायची. 'नॉर्मल' हा तिचा आवडता शब्द झाला होता. शाळा नॉर्मल, जेवण नॉर्मल. मग फोन आईच्या हातात. पार्सलाबद्दल विचारायचा त्याला धीर होत नव्हता.

फेब्रुवारीत एल्नुरानेच विषय काढला.

"आताके, ती डीव्हीडी मिळाली हं. पण एक सांगू? रागावू नका."

"लागत नाही का?"

"लागते! लागते हेच तर! पोरगी पुढे जातच नाही. नुसता मेनू लावून ठेवते. शाळेतून आली की टीव्ही सुरू, आणि त्यासमोर बसून अभ्यास. गाय हंबरते, तुम्ही म्हणता ये इकडे, परत गाय हंबरते, परत ये इकडे. माझं डोकं उठलंय."

"आतले भाग नाही बघत? मेंढीचा आहे, सरोवराचा आहे."

"एकदा पाहिले. म्हणते, त्यात मी लहान आहे, ते त्या बाळासाठी. मेनूत आताके माझ्याशी बोलतात. करताच आहात तर जरा लांब तरी करा ना. तासाभराचं. त्यात ती नसली तरी चालेल. तुम्ही नुसते बोला."

फोन ठेवल्यावर जुमाकादिरने कॅसेटींचं खोकं पुढे ओढलं. एक्केचाळीस कॅसेटींत तो स्वतः कुठे दिसत नव्हता. कॅमेऱ्यासमोर उभं राहायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. त्याने बर्फ लोटून अंगण मोकळं केलं, जळणाच्या ढिगावर कॅमेरा टेकवला, सुरू केला आणि समोर जाऊन उभा राहिला. घरात माणूस नसलं की आवाजही वापरात राहत नाही. त्याने घसा साफ केला. पहिला शब्द फाटकाच निघाला.

"क्युम्युश," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "क्युम्युश! हे बघ, या बाजूला गवत ठेवलंय. इथे बर्फ फार पडला यंदा. तुझी घसरगाडी मी... हो, ती वर टांगून ठेवलीय."

कुंपणापलीकडून बात्माचं डोकं वर आलं. "जुमाके, कोणाला हाका मारताय? पोरगी आली की काय?"

"नाही आली."

"मग?"

"अभ्यासाला बसलीय," तो म्हणाला. "तिला एकटं वाटू नये म्हणून."

बात्माने कॅमेऱ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि गाईला पाणी दाखवायला निघून गेली. जुमाकादिरने कुऱ्हाड उचलली, एक ओंडका उभा केला आणि तो कसा फोडायचा ते सांगू लागला. कॅसेट संपायला अजून पन्नास मिनिटं होती.