मिल्काचे दोन दिवे

"पेट्रोल सरलं का व बाई?" बायजाबाईने विचारलं. "नागपूरहून एवढी गाडी करून आली, न् आता म्हणते उद्या दिवसभर गाडीत बसत नाही."

सिपोराबाई हसल्या. ओसरीतल्या बाजेवर त्या पाय वर घेऊन बसल्या होत्या. मुंबईच्या बाई, साठी उलटलेल्या, पण बसणं असं की याच घरी माहेरपणाला आल्यात.

"आज सूर्य बुडताना आमचा शब्बाथ लागतो, आजी. उद्या तिन्हीसांजेपर्यंत प्रवास नाही, काम नाही, चूल पेटवणं नाही."

"म्हंजे तुले आयतं खाऊ घालाचं. माही सून बी अशीच शनवारी बसून राहे. मी म्हनो, आमाले कोन्या देवानं अशी सुट्टी नाही देल्ली बाप्पा."

मंगरू दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. राईस मिलमधून तो आज लवकर आला होता, तरी भुवयांवर कोंडा तसाच होता. आई बोलत होती म्हणून त्याला बरं वाटत होतं. त्याला स्वतःला बाईंशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

मिल्का कोकणातली, बेने इस्राएल यहुदी घरातली. नर्स होऊन पवनीच्या दवाखान्यात आली तेव्हा या गावात तिच्या धर्माचं दुसरं माणूस नव्हतं. मिलच्या पट्ट्यात मंगरूचा हात सापडला होता, त्याला तिने पट्टी बांधली. जखम भरली तरी तो पट्टी बदलायला जात राहिला, आणि तीही बदलत राहिली. लग्न झालं. तिच्या घरच्यांनी नाव टाकलं, याच्या घरच्यांनी तोंड वाकडं केलं आणि मग सरळही केलं. लेक रीना आठवीत असताना मिल्का तापाने गेली. कधी कधी मंगरूला वाटे, ती गेली नाही, दवाखान्यात डबल ड्युटीला थांबली आहे, वैनगंगेवरचं धुकं उतरलं की येईल.

आता रीना बारावी झाली. तिला मुंबईच्या कॉलेजात नर्सिंगला जागा मिळाली होती. पण फी आणि राहणं मिलच्या मजुरीत बसणारं नव्हतं. तिने मोबाइलवर शोधून एक शिष्यवृत्ती काढली. लेआ नावाच्या मुलीच्या नावाची. ही लेआ फार वर्षांपूर्वी नर्सिंग शिकायला निघाली होती. ट्रंक भरून झाली आणि निघायच्या आधी तीच वारली. तिच्या आईने ठरवलं, वसतिगृहातली तिची खाट रिकामी राहायची नाही. तेव्हापासून दरवर्षी एक यहुदी मुलगी लेआच्या जागी शिकायला जाते. यंदा कोणी जायचं ते शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या सिपोराबाईंनी ठरवायचं होतं. त्यांनी होकार दिला तर उद्या संध्याकाळी रीना त्यांच्याच गाडीने नागपूरला आणि तिथून रेल्वेने मुंबईला जाणार होती.

"आई यहुदी, म्हणजे लेक यहुदी. तो प्रश्न नाही," बाई म्हणाल्या होत्या. "मला एवढंच पाहायचंय, मिल्काचं या घरात काय उरलंय."

"मासोळी उरली," बायजाबाई लगेच म्हणाली. "बिनखवल्याची मासोळी तिच्या धरमात चालत नव्हती, ते घरात येऊ देत नव्हती. मेली तरी हुकूम तिचाच. हा अजून खवले पाहून पाहून मासोळी घेते. बजारातल्या बाया हासतेत याले, म्हनतेत नवरी पसंत करून राहिला का?"

मंगरू खाली मान घालून हसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

उन्हं उतरली. घरामागच्या बांधीत, भाताच्या खाचरात, लवकर पिकणारा हलका धान लोंबीवर आला होता. त्याचा गोडसर वास ओसरीपर्यंत आला. रीना केस बांधून, मिल्काची निळी ओढणी डोक्यावर घेऊन आली. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखालच्या फळीवर तिने दोन पितळी दिवे ठेवले, वात लावली, ज्योतीवरून तीनदा हात फिरवले आणि तळव्यांनी डोळे झाकले. ओठ हलू लागले. अगदी मिल्काचे ओठ. मंगरूला दर शुक्रवारी वाटे तसं आजही वाटलं, की खोलीत दोघी आहेत.

"मोठ्याने म्हण ना, बाळ," सिपोराबाई हळूच म्हणाल्या. "मीही म्हणते तुझ्याबरोबर."

ओठ थांबले. तळवे मात्र डोळ्यांवरून हलले नाहीत.

"मले येत नाही," रीना म्हणाली.

"काय येत नाही?"

"शब्द. आई ओठातल्या ओठात म्हने. मले कधी आयकूच नाही आलं. विचारीन विचारीन म्हनता राहून गेलं. मंग मी ओठ तेवढे हलवतो."

मंगरूला वाटलं होतं, माय लेकीला सगळं देऊन गेली. इतके शुक्रवार तो या दारात उभा राहून ऐकत होता, आणि ऐकण्यासारखं काही नव्हतंच. वाईट वाटायच्या आधीच एक दुसरीच गोष्ट त्याच्या छातीत हलली: आता बाई नाही म्हणतील. रीना जाणार नाही. शुक्रवार असेच येत राहतील. त्या आनंदाची त्याला इतकी लाज वाटली की त्याने चौकट घट्ट धरली.

"नुसते ओठ?" बाईंनी विचारलं. "मनात काहीच नाही?"

"आजीचं गानं राह्यते," रीना पुटपुटली. "रोवन्याचं."

"म्हण."

रीनाने डोळे उघडले नाहीत. चिखलात वाकून रोपं लावताना बाया ज्या संथ चालीवर गातात, त्या चालीत तिने म्हटलं:

*"माहेराचं रोप बाई, परक्या बांधीत रुतलं,*
*मायबाईचं नाव माह्या ओठामंदी गुतलं."*

दिव्यांच्या ज्योती स्थिर होत्या. बायजाबाईने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "चाल चुकली व. 'रुतलं' लांबवाचं असते."

सिपोराबाई उठल्या. रीनाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "माझी आजी रेवदंड्याला तेलाचा घाणा हाकायची," त्या म्हणाल्या. "तिलाही हिब्रू येत नव्हतं. तीही ओठच हलवायची. काय म्हणतेस विचारलं तर म्हणे, ज्याला कळायचं त्याला कळतं, तू झोप." त्यांनी स्वतःचे डोळे झाकले. "आता माझ्यामागून म्हण. आणि झालं की तुझं ते गाणंही म्हण. लेआच्या खाटेवर जी निजते, ती आपल्या घरचं काहीतरी तिथे घेऊन येते. एकीने कोळ्यांचं गाणं आणलं होतं. भात लावायचं अजून कोणी आणलेलं नाही."

त्या एकेक शब्द सांगत गेल्या आणि रीना मागून म्हणत गेली. मंगरूला एकही अक्षर कळलं नाही. तरी तो आवाज इतक्या वर्षांनी मिल्काच्या ओठांतून बाहेर पडत होता. तो तसाच उभा राहिला, डोळे न पुसता.

शनिवार पाण्यासारखा पसरला. बाईंनी बाजेवर आडवं होऊन बायजाबाईच्या गोष्टी ऐकल्या, लाखोळीची डाळ न् भात खाल्ला, दुपारी झोपल्या. रीना आजीच्या पायाशी बसून राहिली. मंगरू दोनदा बांधीवर जाऊन आला. करायचं काही नव्हतं. एकदाच त्याने बाईंना विचारलं, "धान कापाले येऊ देतीन का इले?"

"सुट्टी असेल तर नक्की," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, हे त्याला आवडलं.

दिवस बुडताना गाडी परत येऊन दाराशी लागली. ड्रायव्हर भुपेंद्र स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. रीनाची बॅग ओसरीवर होती.

"थांब रे," बायजाबाई त्याला ओरडली. "बाईचा देव अजून सुटला नाही."

"तीन चांदण्या दिसायला हव्यात," सिपोराबाई म्हणाल्या. "तिसरी दिसली की शब्बाथ संपला. मग निघायचं."

सगळे अंगणात येऊन वर पाहू लागले. आभाळ अजून निळसर होतं, वैनगंगेकडून गार वारा येत होता. पहिली चांदणी रीनाने दाखवली. दुसरी बाईंना दिसली, मोहाच्या झाडाच्या डाव्या अंगाला. मग बराच वेळ काहीच दिसेना.

"मले तं पैलीबी दिसत नाही," बायजाबाई म्हणाली. "तुमीच मोजा."

मंगरूला तिसरी दिसली. बांबूच्या शेंड्याच्या थोडी वर, फिकट, नुकती डोळा उघडल्यासारखी. तो काही बोलला नाही. त्याने हळूच बाकीच्यांकडे पाहिलं. बाई दक्षिणेला शोधत होत्या. रीना मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून, लहानपणी पाऊस प्यायची तशी उभी होती. कोणाला दिसत नव्हती. मोहाची पानं हलत होती, धानाचा वास येत होता, आणि तो बोलेपर्यंत शनिवार संपणार नव्हता.

"बाबा," रीना वरच पाहत म्हणाली, "तुमाले दिसली का?"

मंगरूने तिचे दोन्ही खांदे धरून तिला बांबूकडे वळवलं.

"थे पाह्य," तो म्हणाला. "एवढीशी हाय."

"हो," रीना म्हणाली. "दिसली."

बाईंनी हात जोडले. भुपेंद्रने गाडी सुरू केली. रीना आजीच्या पाया पडायला वाकली, तेव्हा मंगरू ओसरीवर गेला आणि त्याने बॅग उचलून खांद्यावर घेतली. आयुष्यभर धानाची पोती वाहिलेल्या त्या खांद्याला ती इतकी हलकी लागली, की चालू लागण्याआधी त्याला क्षणभर थांबावं लागलं.