प्रेमराजच्या पाटावर

"थांब माय, गाठ मारू दे. मंग बठजो," कडुलिंबाच्या फांदीवरून दोर दुसऱ्यांदा ओढून घेत रुपचंदआबा खाली न बघताच म्हणाले. मागे पावलं वाजली होती, म्हणजे दिपमालाच असणार. लेक परवाच सुरतेहून आली होती आणि आल्यापासून तिने झोक्याचं टुमणं लावलं होतं. दोन लेकरांची आई झाली, तरी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की ही पुन्हा नववीत जाते, असं आबा बायकोला, भिकुबाईला, सांगायचे आणि तरीही मे महिन्याच्या उन्हात स्टुलावर चढायचे.

आबांनी गाठ आवळून वळून पाहिलं आणि दोराचं टोक त्यांच्या हातात तसंच राहिलं. खाली भागाबाई उभी होती. कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, हातात पितळी ताटली आणि ताटलीत एकच सुपारी. नऊ वर्षांत तिने या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

"रुपचंदभाऊ," ती म्हणाली, "सकाय आखाजीनं जेवन आमना घर करा. पितर म्हनीसन."

आखाजीला पाण्याची घागर भरायची आणि घरातून गेलेल्या माणसाच्या नावाने एका जिवंत माणसाला पाटावर बसवून जेवू घालायचं, अशी त्या गावची रीत. पाटावर बसल्यापासून हात धुईपर्यंत तो माणूस स्वतः कुणी नसतो, गेलेलाच असतो. घरातले त्याच्या पाया पडतात, त्याला गेलेल्या माणसाच्या नात्याने हाक मारतात, आणि त्याने 'तृप्त शे' म्हटल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही. भागाबाईचा नवरा प्रेमराज माघात धुळ्याच्या दवाखान्यात वारला होता. त्याची ही पहिलीच आखाजी.

आबा स्टुलावरून उतरले. उतरताना एक पायरी जास्त समजून त्यांचा पाय जोरात जमिनीवर आपटला.

"वहिनी, तुमना नवलभाऊ शे ना. भाऊबंदमा मानसे का कमी शेतस? मी कसा..."

"त्यास्ना जोडीदार तुम्हीच व्हतात ना," भागाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि मनधरणीही नव्हती. तिने सुपारी उचलून त्यांच्या मोकळ्या हातावर ठेवली. सुपारी हातात आली की जायचं, त्यावर बोलणं नसतं. ती आली तशी निघून गेली आणि आबा एका हातात दोर, एका हातात सुपारी घेऊन कडुलिंबाखाली उभे राहिले.

जोडीदार होते, हे खरं. पांझरेकाठी दोघांची शेतं लागून, मध्ये एक बांध. पण गावात त्यांची जोडी गाजली ती पत्त्यांमुळे. आखाजी म्हणजे बायाबापड्यांना झोके आणि माणसांना पत्ते. तीन दिवस मारुतीच्या पारावर चौघे चौघे बसून मेंढीकोट चालायचा. समोरासमोर बसलेले दोघे एका बाजूचे, आणि चारही दश्श्या जो खिशात घालेल त्याचा कोट. तीस वर्षं रुपचंदच्या समोर प्रेमराजच बसला. प्रेमराजने नाक खाजवलं की रुपचंदला इस्पिक दिसायचं, असं विरुद्ध बाजूला बसणारा नवल वैतागून म्हणायचा. त्यात नाक खाजवणं वगैरे काही नव्हतं. ते दोघे एकमेकांना नुसते ओळखत होते.

नऊ वर्षांपूर्वीच्या आखाजीला शेवटची दश्शी खाली पडलेली असताना प्रेमराजने हुकूम टाकला नाही. दश्शी नवलच्या बाजूला गेली, कोट झाला, आणि पारावर हशा पिकला. हशाच झोंबला असेल. रुपचंद चाळीस माणसांदेखत म्हणाला, "आज पत्ता दाबा, सकाय बांध दाबशी."

बांध दाबणं म्हणजे शेजाऱ्याची जमीन हडपणं; शेतकरी शेतकऱ्याला यापेक्षा वाईट काही म्हणू शकत नाही. प्रेमराजने हातातले उरलेले पत्ते पालथे सतरंजीवर ठेवले, टोपी झटकली आणि तो उठून घरी गेला. नवलने ते पत्ते न बघताच जुडग्यात मिसळून टाकले. त्यात हुकूम होता की नव्हता, हे मग कुणालाच कळलं नाही. रुपचंदला वाटलं, प्रेमराज उद्या येईल. प्रेमराजलाही तसंच काहीतरी वाटलं असावं. दोघांची घरं एका गल्लीत, ओटे समोरासमोर. दोघे रोज संध्याकाळी आपापल्या ओट्यावर बसायचे आणि गल्लीतून जाणाऱ्या म्हशी मोजल्यासारखं करायचे. माघात गाडी आली, प्रेमराजला धुळ्याला घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी परत घेऊन आली. आबा मसणात सगळ्यांच्या मागे उभे राहिले होते. खांदा द्यायला पुढे व्हावं, असं त्यांना फार वाटलं, पण पाय उचलला गेला नाही.

संध्याकाळी भिकुबाई ओट्यावर कुरडया निवडत होती. आबांनी सुपारी तिच्यासमोर ठेवली.

"मनमा तेढ ठेवनारा मानूस पितर म्हनीसन बठी, ते चाली का?" त्यांनी विचारलं. "गयेल जीवले घास पोची का?"

भिकुबाईने तुटलेली कुरडई बाजूला टाकली. "आते ईचारतस," ती म्हणाली. "नऊ वरीस काबर नही ईचारं?"

आबा उठून उगाच झोक्याची गाठ तपासून आले. गाठ पक्की होती.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला ते गल्ली ओलांडून गेले. वीस पावलांची गल्ली. धुतलेलं धोतर, नवी टोपी. बाहेर झोक्यांवर लेकीबाळींचा कल्ला चालला होता, दिपमालाचा आवाज सगळ्यांत वर. उंबऱ्यापाशी प्रेमराजचा मुलगा ललित परात घेऊन उभा होता. जळगावला पाइपच्या कंपनीत सुपरवायझर असलेला, कडक इस्त्रीतला हा पोरगा उकिडवा बसला आणि त्याने आबांचे पाय परातीत घेऊन धुतले. धुऊन पुसले, कपाळाला गंध लावलं आणि हात जोडून म्हणाला, "या, आप्पा."

आप्पा म्हणजे प्रेमराज. कालपर्यंत हा पोरगा त्यांना रस्त्यात दिसला तर मोबाइल कानाला लावायचा.

आबांच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन असताना आला. ते पाटावर बसले. समोर भिंतीशी नवी लाल घागर होती, गळ्याला सूत गुंडाळलेलं, वर खरबूज आणि दोन आंबे. घागर पाझरत होती. तिच्या पोटावरून पाण्याचा थेंब हळूच खाली उतरायचा आणि बुडाशी ठेवलेल्या गव्हात जिरायचा. ललितने चुलीतला निखारा काढला, त्यावर तूप आणि पोळीचा तुकडा टाकून आगारी दिली. धूर सरळ वर गेला. घरातली सगळी मंडळी, भाऊबंद, लेकरं भिंतीला टेकून गप्प बसली होती आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते. पण त्यांच्याकडे बघत नव्हते. त्या नजरा रुपचंदवर येऊन थांबतच नव्हत्या, आरपार दुसऱ्याच कुणापाशी पोचत होत्या. आबांना भीती वाटली आणि भीतीहून मोठं असं काहीतरी वाटलं, ज्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा वाटतं तसं काहीसं.

भागाबाईने ताट मांडलं. खापरावरची पातळ पुरणपोळी, रस, पुरणाच्या कटाची रशी, भात, भजी, कुरडई. आबांनी पहिला घास घेतला आणि तो घशातच थांबला. खाली जाईना. पाण्याचा घोट घेऊन त्यांनी तो ढकलला. हा घास न गिळण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढंच त्यांना समजत होतं. घास अडला तर ही लेकरं उपाशी, आणि तो प्रेमराजही उपाशी.

भागाबाई तुपाची वाटी घेऊन समोर बसली होती. तिची नजर ताटावर होती. तूप वाढता वाढता ती हलक्या आवाजात बोलू लागली. नवरा परगावाहून आल्यावर बाई बोलते, तसं.

"इहिरवर नवी मोटार बसाडी," ती म्हणाली. "जुनी ललितनी इकी टाकी. गायले गोऱ्हा व्हयना. सुलीले दुसरी पोर व्हयनी, तुम्ही देखी नही. नाक तुमनंच शे."

कोपऱ्यात प्रेमराजची लेक सुलक्षणा मांडीवर तान्ही घेऊन बसली होती. तिने पोरीचं तोंड जरा पाटाकडे वळवलं. आबांनी पाहिलं. नाक खरंच प्रेमराजचं होतं, टोकाशी थोडं बसकं. त्यांना एकदम रडू आलं आणि ते त्यांनी रसाबरोबर गिळलं. मग ते मान हलवत गेले आणि भागाबाई सांगत गेली, आणि कधीतरी घास आपोआप खाली उतरू लागला.

दुसरी पोळी पानात पडली तेव्हा ते घडलं. आबांच्या हाताने पोळीचा एक कोपरा तोडला आणि ताटाच्या कडेखाली सरकवला.

भागाबाईच्या हातातली वाटी जागच्या जागी थांबली. सुलक्षणाने तोंडावर पदर घेतला.

आबांना क्षणभर कळेचना की काय झालं. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पोळीचा कोपरा ताटाखाली मुंगीसाठी ठेवणं, ही प्रेमराजची लहानपणापासूनची सवय. शेतात न्याहारी असो की कुणाचं लग्न, एक कोपरा मुंगीचा. "मुंगी तुनी मावशी शे का रे?" म्हणून रुपचंदने त्याला तीस वर्षं चिडवलं होतं. स्वतः त्याने आयुष्यात एकदाही असं केलं नव्हतं. आणि आज हाताने विचारलं नाही, सांगितलं नाही, करून टाकलं. तो हात आता त्यांना ओळखीचा वाटेना.

जेवण संपत आलं. भागाबाईने रीतीप्रमाणे हात जोडले.

"काही राह्यनं का?" तिने विचारलं.

हा प्रश्न वाढण्याचा. रस हवा का, भात हवा का, एवढाच. पितराने म्हणायचं, काही राह्यनं नही, तृप्त शे. की मंडळी जेवायला मोकळी. आबांनी तेच म्हणायला तोंड उघडलं. म्हटलं असतं तर सगळंच मिटलं असतं. प्रेमराज तृप्त, नऊ वर्षं फिटली, आणि संध्याकाळी पारावर पत्ते. पण ज्या पाटावर बसून एवढा मान घेतला, त्या पाटावरून प्रेमराजच्या नावाने खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना.

"राह्यनं," ते म्हणाले.

ललितने चमकून वर पाहिलं. एक म्हातारा भाऊबंद खाकरला. भागाबाईचे हात जोडलेलेच होते.

"रुपचंदनी नऊ वरीसमा माले एकदाबी हाक मारी नही," आबा म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण फार लांबून येत होता. "मी वाट देखी. रोज ओटावर बठीसन वाट देखी."

हे प्रेमराज बोलला की आपण, हे त्यांना नेमकं सांगता आलं नसतं. वाट तर त्यांनी स्वतःही पाहिली होती, गल्लीच्या या बाजूला बसून. त्यांची मान खाली गेली. आता भागाबाई उठून आत जाईल, किंवा ललित हाताला धरून उठवेल, आणि ते बरोबरच होईल, असं त्यांना वाटलं.

भागाबाईने पहिल्यांदाच नजर उचलून त्यांच्याकडे सरळ पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा शांत होता.

"उना ना तो," ती म्हणाली. "उशीर व्हयना, पन आज उना. आते मनमा काही ठेवू नका."

उशिरा का होईना, रुपचंद आला होता. बाहेर झोक्याचा दोर फांदीवर करकरत होता. मग आबांनी ताटाला हात लावून नमस्कार केला.

"तृप्त शे," ते म्हणाले.

ललितने तांब्या आणला आणि त्यांच्या हातांवर पाणी घातलं. पाणी बोटांवरून गेलं, तसा त्यांचा हात पुन्हा त्यांचा झाला. म्हातारा, गाठाळ, रुपचंदचा. ते पाटावरून उठले तेव्हा गुडघे नेहमीसारखेच वाजले. ललितने त्यांना हात दिला आणि म्हणाला, "सावकाश, काका."

मंडळी जेवायला बसू लागली. जागा करायची म्हणून सुलक्षणाने तान्हीला कुणा चुलतीकडे दिलं आणि ती पाटापुढचं ताट उचलायला वाकली. ताट एका बाजूने उचललं आणि ती थांबली. पोळीच्या त्या कोपऱ्यापाशी मुंग्या आल्या होत्या. घागरीच्या बुडापासून ताटापर्यंत त्यांची बारीक, न तुटलेली ओळ लागली होती.

तिने ताट होतं तसंच अलगद खाली ठेवलं.

"राहू दे ते," ती आत बघून म्हणाली. "आप्पांचं जेवण अजून चाललंय."