दुसरा भाग कुलपात राहिला

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे. चर्चच्या बाजूच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून उभा असतो, कारण टेकल्याशिवाय आता उभं राहवत नाही. बिजागऱ्या कुरकुरतात, काच तडकली आहे. तेव्हा सावकाश सांगतो, सांभाळून घ्या.

सुताराने मला घडवलं तेव्हा पाळकसाहेब शेजारी उभे होते. "कुलूप बसवू नका, कडी पुरे," ते म्हणाले.

"अहो, पुस्तकं चोरीला जातील की!"

"जाऊ देत. चोरणारा वाचेल तरी."

देवाने बुद्धी दिली ती वापरायला, आणि शिकणं हीसुद्धा त्याची उपासनाच, असं पाळकसाहेबांचं म्हणणं होतं. त्यांनी एक रीत घातली. पुस्तक परत आणणाऱ्याने माझ्यापुढे उभं राहून, त्यातून शिकलेली एक गोष्ट मोठ्याने सांगायची, मगच दुसरं न्यायचं. भिंतीला ओल का चढते ते मला एका गवंड्याने सांगितलं. एक आजोबा दर खेपेला "झोप छान लागते" एवढंच सांगत. पाळकसाहेब तेही चालवून घेत. ऐकून ऐकून मीही थोडा शहाणा झालो.

रस्त्यापलीकडे शिवणकाम करणाऱ्या एक ताई राहत. त्यांच्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. अशा मुलांना बोलायला कसं शिकवावं, याचं दोन भागांचं पुस्तक माझ्याकडे होतं. पहिल्या भागात एकेक आवाज आणि सुटे शब्द होते, दुसऱ्यात ते जोडून बोलणं. ताईंनी पहिला भाग नेला. लेकीचा हात त्या आपल्या गळ्याला लावत, तिच्या ओठांपुढे शिवणाचा दोरा धरत. फुंकरीने दोरा हलला की आवाज जमला. एका रविवारी त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"काल ती 'पाणी' म्हणाली," असं म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "पुस्तक थोडं राहिलंय. संपलं की दुसरा भाग नेते."

माझ्या आयुष्यात याहून चांगला दिवस आला नाही.

पुढे पाळकसाहेब निवृत्त होऊन दूर गेले आणि माझा कारभार चर्चच्या सेक्रेटरीकाकांकडे आला. माणूस वाईट नव्हता हो. माझ्यातल्या प्रत्येक पुस्तकाला त्यांनी स्वतः बसून खाकी कव्हर घातलं होतं. पण कुणाच्या तरी लहानग्याने एका पुस्तकात रंगीत खडूने घोडा काढला आणि काकांच्या जिवाला लागलं. दुसऱ्याच रविवारी माझ्या कडीला कुलूप लटकलं. देवाची वस्तू आहे, जपली पाहिजे, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

ताई आल्या. "भाऊ, दुसरा भाग हवा होता."

"ताई, आधी पहिला परत आणा. मग मीटिंगमध्ये विषय काढतो."

ताईंनी कुलपाकडे पाहिलं. पहिला आणला तर तोही आत जाऊन बसणार, हे त्यांना कळून चुकलं. त्यांनी तो आणलाच नाही. दुसऱ्या भागासाठी मात्र त्या विचारत राहिल्या. मीटिंगमध्ये कधी छपराचा विषय निघे, कधी रंगाचा. माझा कधी निघालाच नाही. ताई पुस्तक बुडवणाऱ्या म्हणून काकांनी अढी धरली, आणि हळूहळू ताईंनी विचारणं सोडलं.

काका याच खोलीत रविवारी मुलांना शिकवत. मुलं त्यांना मागून 'कुलूपकाका' म्हणत. धन्याने दिलेलं धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची प्रभूने सांगितलेली गोष्ट ते दर वर्षी रंगवून सांगत. एकदा एका मुलीने विचारलं, "पुरलं तर बिघडलं काय? चोरीला तर नाही गेलं!"

"अगं, धन्याने ते नुसतं जपायला नव्हतं दिलं, वाढवायला दिलं होतं," काका म्हणाले. बोलताना खिशातल्या किल्लीशी चाळा करत होते. मला ओरडावंसं वाटलं. पण कपाट ओरडत नाही.

मग ओल चढली, गवंड्याने सांगितली होती तशीच. ओलीमागून वाळवी आली. माझ्या पाठीतून शिरली आणि आतल्या आत पुस्तकं खात राहिली. काचेतून पाहणाऱ्याला खाकी कव्हरं जिथल्या तिथे दिसत. इतकी वर्षं ते वजन पोटात घेऊन उभं राहण्यानेच मी दमलो.

गेल्या वर्षी खोलीला रंग द्यायचा म्हणून मला हलवलं आणि पाठीतून माती गळली. काकांनी घाईघाईने कुलूप काढलं. पहिलं पुस्तक उचललं तर हातात नुसतं कव्हर आलं. दुसऱ्याची तीच गत. काका एकेक कव्हर उचलत गेले, सगळी रिकामी.

बातमी ऐकून ताई आल्या. केस पांढरे झालेले. सोबत लेक, आता चांगली मोठी बाई. ताईंनी पिशवीतून पहिला भाग काढला. पानं तेलकट झालेली, कडा झिजलेल्या, पाठ शिवणाच्या दोऱ्याने पुन्हा शिवलेली.

"परत द्यायला उशीर झाला, भाऊ. आमच्या आळीत, पलीकडच्या आळीत, ज्यांच्या ज्यांच्या मुलांना ऐकू येत नाही, त्या सगळ्यांकडे फिरत होता. हीच शिकवते त्यांना."

माझ्यातलं एवढं एकच पुस्तक जगलं, मित्रांनो. जे माझ्यात नव्हतं ते.

काकांना मान वर करवेना. "ताई, मी तुम्हाला पुस्तकबुडवी समजत होतो. बुडवली तर मी." त्यांनी मातीत हात घालून दुसरा भाग शोधला. चिमूटभर कागद निघाला.

ताईंनी लेकीला खूण केली. जुनी रीत त्या विसरल्या नव्हत्या. लेक माझ्यापुढे उभी राहिली, आईचा हात आपल्या गळ्याला लावला आणि जड, स्वच्छ आवाजात एकेक शब्द सुटा काढून ठेवला.

"दार. उघडं. ठेव."

काकांनी कुलूप खिडकीतून बाहेर भिरकावलं. पहिला भाग आता माझ्या मधल्या फळीवर एकटाच असतो, आणि तोही बहुतेक वेळा कुणीतरी घरी नेलेला असतो. नेत जा, मित्रांनो. मळू दे, फाटू दे, पण नेत जा. त्या दिवशी ती याहून पुष्कळ काही सांगू पाहत होती. तिचे ओठ हलत होते. पण शब्द जोडायचे कसे ते दुसऱ्या भागात होतं, आणि दुसरा भाग मी सांभाळत होतो.