अकरा लाल पिना

झुलालनानांच्या जळगावच्या कारखान्यात तपासणीची रीत साधी होती. नूर महंमद तयार पिन हातोडीने ठोकायचे. आवाज कानाला पटला की पिन पेटीत. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायच्या या जाड पोलादी पिना. गिऱ्हाइकाने हट्ट धरला म्हणून नानांनी नवं यंत्र आणलं आणि त्यावर नूर महंमदांचीच लेक रुखसार बसवली. बापलेक एकमेकांविरुद्ध बोलणार नाहीत, असा नानांचा हिशेब. हिशेब पक्का होता, माणसं चुकली.

रुखसार पेनाएवढा प्रोब पिनेवरून फिरवायची. त्यातल्या तारेच्या गुंडाळीने पोलादात विजेचे भोवरे उठतात. वाटेत तडा आला की भोवरा अडखळतो आणि पडद्यावरची रेघ उसळते. त्या सकाळी शंभरात अकरा वेळा उसळली. तिने अकरा पिनांना लाल रंग लावला. याच खेपेच्या तीन पेट्या बाहेर रावेरच्या ट्रकमध्ये चढल्या होत्या.

"ट्रक थांबवा, नाना."

"तुझ्या बापानं ठोकल्यात. बठ्ठ्या चांगल्या शेतस, एकूण एक."

नूर महंमदांनी एक लाल पिन ठोकली. "आवाज खणखणीत आहे, बेटा."

"तडा केसाएवढा आहे, अब्बा. कानाला नाही सापडणार. प्रेसखाली मोडून बघा."

"न मोडता तपासायचं म्हणून घेतलं ना हे यंत्र?" नाना म्हणाले. "मोडायचंच होतं तर माझा जावई फुकटात मोडतो."

"एक लाल मोडा, एक बिनलाल. नाहीतर म्हणाल, दाबानंच तुटली."

बिनलाल वाकली, तुटली नाही. लाल पिनेचे कडकन दोन तुकडे झाले. आतलं पोलाद चकचकीत करडं, एका कडेला मात्र काळी किनार. आज तुटलेलं पोलाद काळं नसतं.

नूर महंमदांनी तुकडा उजेडात धरला. तापलेल्या पिना तेलात थंड करणं त्यांचंच काम; पाण्यात पोलाद एकदम आकसून तडकतं. "सोमवारी तेल कमी पडलं," ते म्हणाले. "पाण्यात बुडवल्या."

"कोणी सांगितलं?"

नानांना एकाएकी छताचे पत्रे तपासायचे होते.

"सांगणारा कोणी असो. बुडवल्या मी."

त्यांनी पहार उचलली आणि ट्रकचा फाळका पाडला. ड्रायव्हर कुरकुरला, "रावेरला माणसं वाट बघतायत, चाचा."

"बघू दे. केळीनं भरलेली ट्रॉली घाटात सुटली, तर त्याहून जास्त वाट बघतील."

नानांची नजर पत्र्यांवरून उतरली. "इंजिन बंद कर रे," ते ड्रायव्हरला म्हणाले.

पहिली पेटी उघडली. सवयीने नूर महंमदांचा हात हातोडीकडे गेला.

"नको, अब्बा. पुसून द्या."

त्यांनी पिन बाहीला पुसली आणि तिच्या हातात दिली.