वायर काढायचा रविवार

“विमान नाय उडणार, सर. वारा पाठून आहे,” पायल म्हणाली.

स्वानंदने आधी मांडवाकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर साहेब नारळपाणी पीत होते. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, “तुला विचारलं का कोणी? साहेबांना इथून लग्नाला जायचंय. चल, रिमोट घे.”

“पण चिंधी बघा ना तुम्ही.”

खडवलीच्या त्या मोकळ्या शेतात, धावपट्टीच्या कडेला एक बांबू रोवला होता. त्याच्या टोकाला पायलच्या शाळेच्या जुन्या ओढणीची चिंधी बांधलेली होती. ती मांडवाकडून पलीकडच्या बांधाकडे ताठ होऊन फडफडत होती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं, वारा कुठून कुठे चाललाय ते.

मंदाकिनीबाई खुर्चीतून उठल्या. डोंबिवलीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि ज्या वयात मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, त्या वयात त्या रिमोटची विमानं उडवायला शिकल्या. शिकताना पुष्कळ विमानं मोडली. आता दर रविवारी त्या क्लबमध्ये मुलांना शिकवत. शिकवायची पद्धत साधी होती. एका वायरीने जोडलेले दोन रिमोट, एक मुलाच्या हातात, एक बाईंच्या. बाईंचा अंगठा बटणावर दाबलेला असेपर्यंत विमान मुलाचं ऐकायचं. मूल चुकलं की बाई अंगठा उचलायच्या आणि विमान त्यांच्याकडे यायचं. अंगठा उचलायची वेळ येईनाशी झाली की एका रविवारी ती वायर काढायची. मग ते मूल एकटं उडवायचं, उतरवायचं आणि शिकायला लागताना बांबूला बांधलेली आपली चिंधी सोडवून घरी न्यायचं.

आणखी एक नियम होता. उडवायचं की नाही, हे ज्याची चिंधी त्याने ठरवायचं. त्याने नाही म्हटलं की विमान पेटीत. मोठ्यांनीही वाद घालायचा नाही. वारा ओळखून नाही म्हणता येणं हे उडवता येण्याच्या आधी यायला हवं, असं बाईंचं मत होतं.

आज पायलची वायर निघायची होती. मे महिन्याचे सगळे रविवार वाऱ्याने खाल्ले होते. कधी धुळीच्या वावटळी उठल्या, कधी झोत इतके वेडेवाकडे की बाईंनी स्वतःचंही विमान बाहेर काढलं नाही. आणि हा शेवटचा रविवार. शेत कुंडलिकचं होतं. पावसाळ्यात तिथे भात लागायचा, धावपट्टीवर आवणीचा चिखल व्हायचा. दिवाळीनंतर पायल बारावीच्या अभ्यासात अडकणार. “बारावीला विमानं बंद,” असं तिच्या आईने, मायाने, आधीच बजावून ठेवलं होतं. आंबिवलीच्या चाळीतून दर रविवारी कॉलेजच्या सॅकमध्ये डबा घेऊन येणाऱ्या त्या मुलीला हे सगळं पाठ होतं. तरी ती नाही म्हणत होती.

“स्वानंद,” बाई म्हणाल्या, “काय चाललंय?”

क्लबचा अध्यक्ष स्वानंद बाईंचाच विद्यार्थी. सकाळी आल्या आल्या सगळ्यांसमोर वाकून पाया पडला होता. “बाई, जरा समजवा हिला. साहेबांचा वाढदिवस आहे. विमानामागे बॅनर लावायचा, मांडवासमोरून एक फेरी मारायची, बस. साहेब क्लबला कायमची जागा देणारेत. पोरांसाठीच करतोय ना मी?”

“मांडव पश्चिमेच्या टोकाला का घातलास?”

“गाडी तिथपर्यंतच येते, बाई. साहेबांना काय ढेकळांतून चालवू?”

“वारा पश्चिमेचा आहे. वाऱ्याला सामोरं उडवायचं तर विमान माणसांच्या डोक्यावरून जाईल. मांडवाकडून पळवायचं तर वारा पाठीला, त्यात मागे बॅनर. ते उचलणारच नाही. ही मुलगी बरोबर सांगतेय.”

“आजच्या दिवस ॲडजस्ट करा ना.”

“वाऱ्याला साहेब कळत नाहीत रे.”

मागे उभी असलेली दोन-चार पोरं फिसकन हसली. स्वानंदचा चेहरा लाल झाला.

“घाबरलीये ती, दुसरं काही नाही,” तो म्हणाला. “द्या इकडे. मीच उडवतो.”

त्याने बाईंच्या हातून त्यांचा रिमोट घेतला आणि सहज, मोबाईलचा चार्जर काढावा तशी, मधली वायर उपटली. पायलने अख्खं वर्ष जिची वाट पाहिली ती वायर. ती गवतात पडली. कुणी उचललीही नाही.

विमान मुलांनीच केलेलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत फोम कापून, पंख चिकटवून, वर निळी टेप लावून. त्याच्या शेपटीला साहेबांच्या हसऱ्या चेहऱ्याचा बॅनर बांधला गेला. स्वानंदने ते मांडवापासून सोडलं. विमान पळायला लागलं. पळत राहिलं. नाक उचलायचं, आपटायचं, पुन्हा उचलायचं. बांध जवळ आला तेव्हा बाईंचा अंगठा आपोआप उचलला गेला. पण हातात रिमोट नव्हता.

बांधावर आपटल्याचा आवाज फार मोठा नव्हता.

मांडवात हशा झाला. कुणीतरी शिट्टी मारली. तेवढ्यात स्वानंदने धावत जाऊन माइक हातात घेतला. “आमची विद्यार्थिनी पायल! अजून शिकतेय, चालायचंच! पण मुली या क्षेत्रात पुढे येतायत हे महत्त्वाचं, नाही का साहेब? जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!”

टाळ्या पडल्या. साहेब उठून पायलपाशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. “घाबरायचं नाय बेटा. पडल्याशिवाय कोण शिकतं?” फोटो निघाला. पायल कॅमेऱ्याकडे नाही, बांधाकडे बघत होती.

मंदाकिनीबाईंनी आयुष्यात खूप काही सोसून घेतलं होतं. इन्स्पेक्शनच्या दिवशी मुलांच्या हातची उपकरणं कपाटात दडवून पाहुण्यांसमोर तक्ते लावणारे मुख्याध्यापक सोसले. ‘मुलींना काय करायचाय एवढा प्रयोग’ म्हणणारे पालक समजावून सांगून सोसले. न चिडता सांगणं हाच त्यांचा स्वभाव झाला होता. पण मुलाच्या बरोबर उत्तरावर कुणी फुली मारली, तर मात्र त्यांना ते कधीच सहन झालं नाही.

त्या चालत मांडवात गेल्या. स्वानंदच्या हातून त्यांनी माइक घेतला.

“विमान पायलने उडवलेलं नाही. उडवू नका, असं तिने सांगितलं होतं. हा स्वानंद...”

स्पीकरमधून धाडकन वाढदिवसाचं गाणं सुरू झालं. स्वानंदने ऑपरेटरला खूण केली होती. बाईंनी माइककडे पाहिलं, तो शांतपणे टेबलावर ठेवला. मग ज्या आवाजाने कारखान्याच्या भोंग्याशेजारच्या वर्गात साठ मुलांना शिकवलं होतं, त्या आवाजात त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

“विमान पायलने उडवलेलं नाही! उडवू नका, असं तिने सांगितलं होतं! विमान या स्वानंदने मोडलं. वारा कसा ओळखायचा हे सहावीत मीच याला शिकवलंय, तेव्हा त्याला कळत नव्हतं असं नाही. साहेब, तुम्ही तिची माफी मागायची गरज नाही, तुम्हाला खोटं सांगितलं गेलं. पण हा मागेल.”

गाणं वाजत राहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, हात जोडले आणि ते गाडीकडे निघाले. मागोमाग सगळा मांडव उठला.

स्वानंदने माफी मागितली नाही. “जागा गेली, बाई,” एवढंच म्हणाला. “तुमच्यामुळे.”

“तिथेही तू असाच मांडव घातला असतास.”

“पुढच्या वर्षी ट्रेनिंग ठेवायचं की नाही, ते कमिटी बघेल.”

“बघू दे.”

तो गेला. बाई बांधाशी आल्या. पायल विमानाचे तुकडे गोळा करत होती. बारीकसारीक फोमही वेचून सॅकमध्ये भरत होती.

“बाई, तुमचा आवाज पार स्टेशनला गेला असंल,” ती मान वर न करता म्हणाली.

“जाऊ दे गेला तर.”

दोघी बांबूपाशी आल्या. बाईंनी टाचा उंचावून चिंधीच्या गाठीला हात घातला. “ही घे. आज तू जे केलंस ना...”

“नको बाई.” पायलने त्यांचा हात धरला. “मी उडवलं कुठे? उडवीन तेव्हा नेईन.”

“बारावी आहे तुझी.”

“मग बारावीनंतर.”

 बाईंनी हात खाली घेतला.

खुर्च्या उचलायला आलेला कुंडलिक ऐकत उभा होता. “मंगलवारी नांगर घालाचा हाय, बाय,” तो म्हणाला. “ह्यो बांबू काढू का?”

“काढायलाच लागेल ना?” बाईंनी विचारलं.

कुंडलिकने बांबूकडे पाहिलं, पायलच्या सॅकमधून डोकावणाऱ्या निळ्या पंखाकडे पाहिलं. “र्‍हाऊ दे,” तो म्हणाला. “बाजूनं लावीन भात.”

बाईंनी गवतात वाकून वायर शोधली, तिची माती पुसली, गुंडाळी करून पर्समध्ये ठेवली. मांडवाचं कापड उतरलं होतं. रिकाम्या बांबूंच्या सांगाड्यातून वारा सरळ येत होता आणि चिंधी अजूनही पूर्वेकडे ताठ होती.