बाहेर किती वेळ थांबायचं

"बाई, पण बाहेर थांबायचं किती वेळ?"

आरोग्याच्या बाईंचा खडू फळ्यावरच थबकला. बाळ सांभाळण्याचा धडा मागेच संपला होता. आज दातांची निगा चालली होती. विचारणारी शेवटच्या बाकावरची. वर्गात डुलक्या काढायची म्हणून पोरींनी तिचं नाव 'झोपाळू' पाडलं होतं. आज मात्र तिचे डोळे टक्क उघडे होते आणि बाकाखाली पाय सारखा हलत होता.

"कुठे बाहेर गं?"

"तुम्हीच म्हणालात ना, बाळाच्या रडण्यानं आपला तोल सुटायला लागला की त्याला पाळण्यात नीट ठेवायचं, दार ओढायचं आणि बाहेर यायचं."

"झोपेत ऐकलंस वाटतं!" कुणीतरी टोमणा मारला. वर्ग खिदळला.

बाई हसल्या नाहीत. त्या काळी शाळेत हा विषय नवा होता. "पोरींना आत्तापासून कशाला ही पोरंबाळं?" म्हणून पालकांनी मुख्याध्यापकांचं डोकं खाल्लं होतं. बाईंनी भांडून तास मिळवला आणि बाहुलीला आंघोळ घालण्यापासून सगळं हौसेनं शिकवलं. दाराचं ते वाक्य तर त्यांचं फार आवडतं. त्याच्यापुढे काय, हे आपण कधी सांगितलंच नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

त्या बाकाशी गेल्या. "घरी कोण आहे?"

"नुसता भाऊ. तान्हा आहे. आई लाँड्रीत पहाटेच्या पाळीला जाते, माझ्या शाळेआधी येते. आज आलीच नाही." पोरीचा आवाज बारीक झाला. "थांबेचना हो रडायचा. माझा हात उगारला गेला, बाई. मग तुम्ही सांगितलं तसं केलं. बाहेर आले आणि चालतच सुटले."

"दप्तर राहू दे. चल."

अर्धा रस्ता दोघी चालल्या, अर्धा पळाल्या. वाटेत बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन त्या तशाच धावल्या. पायरीवरूनच रडणं ऐकू आलं. घसा बसलेलं, पण रडणं. इतकं गोड रडणं बाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं.

त्यांनी बाळाला उचललं, कोरडं केलं, दूध पाजलं. पोर उंबऱ्याच्या आत आली नाही. दोन्ही हात काखेत दाबून पायरीवर बसून राहिली.

तेवढ्यात धापा टाकत आई आली. "बदलीची बाई आलीच नाही, मला सोडेनात! तुम्ही कोण? काय केलं हिनं?"

"मी हिच्या शाळेतली बाई. काही केलं नाही तिनं. माझाच धडा अर्धा राहिला होता."

बाळाला घेऊन बाई पायरीवर पोरीशेजारी टेकल्या.

"बाहेर आलीस की हाक मारायची. शेजारी, रस्त्यावरचं, कुणालाही."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

बाईंनी बाळ हळूच तिच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्याखालचा आपला हात काढून घेतला नाही.